नरसाळे कुणाचे? : जॉइसची शिकवणी आणि भाषेची मालकी

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. इंग्रजी विषय घेऊन एम.ए. झालेला, बी.एड. केलेला, वर्गावर चांगली पकड असलेला मुलगा. दक्षिण कोरियातल्या खाजगी भाषावर्गांना इंग्रजीचे शिक्षक हवे असतात, पगार बरा असतो आणि राहायला खोलीही मिळते, असे त्याला कळले होते. चौकशी केली आणि पहिल्याच पायरीवर तो अडला. तिथल्या खाजगी वर्गांत परदेशी माणसाला इंग्रजी शिकवण्यासाठी जो ई-२ व्हिसा लागतो, तो सातच देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. याचे व्याकरण, याचे उच्चार, याचा अनुभव तपासण्याची वेळच आली नाही. पासपोर्टनेच निकाल दिला होता.

"सर, इंग्रजी माझी नाही म्हणतात," तो हसत म्हणाला, "आणि इथं मुलाखतीला गेलो तर म्हणतात, शेखसाहेब, तुम्ही मराठी किती छान बोलता! म्हणजे मराठीही माझी नाही. मग माझी भाषा कोणती?"

त्या दिवशी मी त्याला चहा पाजून परत पाठवला. उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुढे जेम्स जॉइस पुन्हा वाचताना जाणवले की, हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका भाषावर्गाच्या मास्तराने विचारला होता आणि त्याचे उत्तर लिहून ठेवले होते. गंमत अशी, की तो मास्तर आयरिश होता. आज आयर्लंडचे नाव त्या सात देशांच्या यादीत आहे. त्या काळी मात्र इंग्रजी आपली की परक्याची, याविषयी खुद्द आयरिश माणसाच्याच मनात काटा होता.

जॉइसविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात संज्ञाप्रवाह, 'युलिसिस'ची दुर्बोधता, स्वेच्छेने पत्करलेला देशत्याग हे विषय ठरलेले असतात. त्याची मास्तरकी एखाद्या वाक्यात उरकली जाते : पोटासाठी शिकवण्या कराव्या लागल्या, प्रतिभेचा वेळ वाया गेला. हे मत मला अपुरे वाटते. भाषावर्गातली ती वर्षे जॉइसच्या लेखनाच्या वाटेतला अडथळा तर होतीच, पण त्याच्या लेखनाची कार्यशाळाही होती, असे माझे म्हणणे आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. १९०४ च्या ऑक्टोबरात बावीस वर्षांचा जॉइस नोरा बार्नाकलला घेऊन डब्लिनहून निघाला. झुरिकच्या बर्लिट्झ शाळेत आपली जागा ठरली आहे, अशी त्याची समजूत होती. तिथे पोहोचल्यावर कळले, जागा नाही. झुरिकहून त्रिएस्तेला, तिथून पोलाला. पोला हे तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमाराचे ठाणे होते. आज ते क्रोएशियात आहे. तिथे आरमारी अधिकाऱ्यांना आठवड्याला १६ तास इंग्रजी शिकवायचे आणि २ पौंड घ्यायचे, ही त्याची पहिली परदेशी नोकरी. १९०५ च्या मार्चमध्ये तो त्रिएस्तेच्या शाळेत आला. मधली काही महिन्यांची रोममधली बँकेची नोकरी सोडली, तर १९१५ पर्यंत त्याचा संसार त्रिएस्तेतच झाला. आधी शाळेत आणि पुढे घरोघरी शिकवण्या करून. उधारी, घरभाड्याची थकबाकी, मदतीला बोलावून घेतलेला आणि स्वतःही मास्तर झालेला धाकटा भाऊ स्टॅनिस्लॉस, १९०७ साली गरिबांच्या वॉर्डात जन्मलेली मुलगी. आखातात राबणाऱ्या माणसांच्या घरांतून वाढलेल्या आपल्या वाचकाला यातले काहीच परके वाटणार नाही.

आता या शाळांची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण सगळा पेच तिच्यात आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ या जर्मनीतून आलेल्या शिक्षकाने १८७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात पहिली शाळा काढली. पद्धतीचा गाभा असा : वर्गात भाषांतर नाही, विद्यार्थ्याची भाषा नाही, वस्तू दाखवायची, नाव सांगायचे, विचारायचे, वदवून घ्यायचे. आणि शिकवणारा त्या भाषेतच जन्मलेला हवा. पद्धत म्हणून यात शहाणपण आहे, हे कोणताही भाषाशिक्षक मान्य करील. पण बाजारात तिचा अर्थ बदलतो. शाळा शिक्षकाची विद्या विकते त्याबरोबर त्याचा जन्मही विकते. भाषा शिकवता येणे आणि भाषेत जन्मणे या दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्या जातात.

जॉइसला तिथे इंग्रजी भाषेचा जन्मजात मालक म्हणून उभे राहायचे होते. आणि त्याला ठाऊक होते की, आपल्या बेटावर ही भाषा राज्यकर्त्यांबरोबर आली आणि तिने आपल्या पूर्वजांची भाषा मागे सारली. १९०७ मध्ये त्रिएस्तेच्या लोकविद्यापीठात त्याने आयर्लंडवर व्याख्यान दिले ते इटालियनमध्ये. दिवसभर इंग्रजी विकणारा माणूस आपल्या देशाचे दुःख तिसऱ्याच भाषेत सांगत होता.

याच काळात त्याला एक विद्यार्थी मिळाला : एत्तोरे श्मित्झ. ज्यू घराण्यातला, जॉइसपेक्षा वीस वर्षांनी मोठा. सासुरवाडीचा जहाजांच्या रंगाचा कारखाना, त्याची शाखा लंडनमध्ये, म्हणून इंग्रजी सुधारायचे होते. शिकवणी चालू असताना मास्तराने आपली 'द डेड' ही कथा वाचून दाखवली. तेव्हा या व्यापाऱ्याने संकोचत सांगितले की, आपणही कधीकाळी दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. १८९२ आणि १८९८ साली आलेल्या त्या कादंबऱ्यांकडे कुणी लक्ष दिले नव्हते. जॉइसने त्या वाचल्या आणि मनापासून दाद दिली. हाच पुढे जगाला ठाऊक झालेला इटालो स्वेवो.

स्वेवोचे दुखणे जॉइसच्या जातीचेच होते. त्याच्या घरात त्रिएस्तेची बोली, शिक्षण जर्मनीत, आणि लिहायचे तस्कनीच्या प्रमाण इटालियनमध्ये. त्याचे इटालियन अशुद्ध आहे, असे समीक्षकांनी पुन्हा पुन्हा म्हटले. 'झेनोची सद्सद्विवेकबुद्धी' असे ज्याच्या नावाचे भाषांतर करता येईल, त्या १९२३ च्या कादंबरीत त्याचा नायक सुचवतो, की आम्ही बोलीत जगणारी माणसे प्रमाणभाषेत कबुलीजबाब लिहितो तेव्हा शब्दागणिक खोटे बोलत असतो. टोपणनावही त्याने असे घेतले, की त्यात इटालियनही आहे आणि जर्मन मुलखाचा स्वाबियनही. 'तू नेमका कुठला?' या प्रश्नाला त्याने नावातूनच उत्तर दिले : दोन्हीकडचा.

१९०९ च्या फेब्रुवारीत या विद्यार्थ्याने मास्तराला एक पत्र लिहिले, तेही मास्तराने शिकवलेल्या इंग्रजीत. जॉइसने 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे त्याला वाचायला दिली होती आणि पुढचे लेखन खोळंबले होते. त्या पत्रातल्या मोकळ्या, परखड अभिप्रायाने जॉइसला हुरूप आला आणि त्याने काम पुन्हा हाती घेतले. ज्याची इंग्रजी अडखळत होती, त्याने इंग्रजीतल्या एका श्रेष्ठ कादंबरीला पुढे ढकलले. भाषेची मालकी जन्मावरून ठरवणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

त्या कादंबरीच्या पाचव्या आणि शेवटच्या प्रकरणात नरसाळ्याचा प्रसंग येतो. महाविद्यालयातले इंग्रज पाद्री, अध्यापकांचे प्रमुख, शेगडी पेटवत आहेत. दिव्यात तेल ओतण्याच्या साधनाला ते 'फनेल' म्हणतात. तरुण स्टीफन 'टंडिश' म्हणतो. पाद्रीबुवांनी तो शब्द कधी ऐकलेला नसतो. तो आयर्लंडचा काही गावठी शब्द असावा असे त्यांना वाटते. स्टीफन आतून दुखावतो. ही भाषा आधी यांची आणि मग माझी, माझ्या तोंडी ती नेहमी पाहुणीच राहणार, हा सल त्याला बोचतो. पण कादंबरी संपता संपता, रोजनिशीत, तो नोंदवतो की मी शब्दकोश पाहिला. 'टंडिश' हा चांगला, जुना, अस्सल इंग्रजी शब्द निघाला. म्हणजे ज्याला बाहेरचा मानले त्याच्याकडे भाषेचे जुने धन शाबूत होते आणि ज्याला मालक मानले त्याला ते ठाऊकच नव्हते!

या प्रसंगाकडे वसाहतीच्या राजकारणाचा नमुना म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. मी त्यात आणखी एक गोष्ट पाहतो. रोज पाच-सहा माणसांना एकेका वस्तूचे नाव विचारणाऱ्या, त्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या मास्तराच्या हाताचा हा प्रसंग आहे. वस्तू दाखवा, नाव सांगा : बर्लिट्झच्या वर्गाचा हा क्रमच इथे उलटा फिरवला आहे. इंग्रजाला इंग्रजी शब्द शिकवणारा इथे आयरिश आहे. शिवाय स्टीफन ही मालकी भांडून मिळवत नाही, कोश उघडून मिळवतो. त्यात आवेशापेक्षा अभ्यास अधिक आहे, म्हणून ती टिकते.

जॉइसचे दोषही सांगितले पाहिजेत. गुणगान म्हणजे समीक्षा नव्हे. त्रिएस्तेतल्या एका श्रीमंत घरच्या विद्यार्थिनीविषयी त्याने एक छोटी वही लिहिली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९६८ साली, 'जाकोमो जॉइस' या नावाने छापली गेली. तीत मास्तर त्या ज्यू मुलीकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेत पूर्वेच्या गूढ, सुगंधी, मोहक बाईचे ठरीव चित्र आहे. इंग्रजांनी आयरिश माणसाकडे माणूस म्हणून न पाहता नमुना म्हणून पाहिले, याचा ज्याला राग होता, तोच इथे दुसरा नमुना घडवतो. ज्याला परके ठरवले गेले तो दुसऱ्याला परके ठरवणार नाही, याची खात्री नसते. आपण लिहिणाऱ्यांनी, आपल्यातल्या स्त्रियांविषयी आणि आपल्याहून वंचितांविषयी लिहिताना, हे विसरू नये.

जॉइस मात्र तिथे थांबला नाही. १९२२ च्या 'युलिसिस'चा नायक लिओपोल्ड ब्लूम हा डब्लिनमधला ज्यू आहे आणि त्याच्या घडणीत स्वेवोचा वाटा मानला जातो. दारूच्या गुत्त्यात ब्लूमला विचारले जाते, तुझे राष्ट्र कोणते? तो सरळ सांगतो, आयर्लंड. मी इथे जन्मलो. ऐकणाऱ्याला ते उत्तर पुरत नाही. हे पान वाचताना मराठी मुसलमान वाचकाला टीपेची गरज पडत नाही. आणि एक लहानसा ऋणनिर्देश : त्रिएस्तेच्या शाळेचे संचालक होते अल्मिदानो आर्तिफोनी. जॉइसने 'युलिसिस'मध्ये स्टीफनच्या संगीतशिक्षकाला हेच नाव दिले. भाषावर्ग त्याच्या ग्रंथात असा नावानिशी आला.

मास्तरकीचे उदात्तीकरण करायचे नाही. हा धंदा आजही तसाच ठिसूळ आहे. जपानमधली नोव्हा ही इंग्रजी वर्गांची सर्वांत मोठी साखळी २००७ च्या ऑक्टोबरात कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. पगारातून भाडे कापले गेले असूनही काहींना घरे सोडण्याच्या नोटिसा आल्या. सात देशांचा पासपोर्टही तेव्हा पोटाला पुरला नाही.

प्रश्न आपल्या साहित्याचा आहे. कोकणातून, मराठवाड्यातून परदेशी गेलेल्या माणसांविषयीचे आपले जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात मागे राहिलेले घर आहे, वाट पाहणारी बायको आहे, आलेला पैसा आणि त्याने बदललेले गाव आहे. पण त्या माणसाची तिथली जीभ फारशी दिसत नाही. मालकाशी तोडक्या अरबीत, साहेबाशी इंग्रजीत, केरळच्या सोबत्याशी हिंदीत आणि रात्री फोनवर आपल्या बोलीत बोलणारा हा माणूस एका दिवसात चार भाषांत जगतो. प्रत्येक भाषेत त्याची उंची वेगळी असते. ही कादंबरी अजून लिहायची आहे.

आणि घरचे नरसाळे? 'तारीख', 'हकीकत', 'अर्ज', 'दप्तर' हे शब्द आपल्या पोराने निबंधात लिहिले की कुणीतरी त्याखाली लाल रेघ ओढतो : उर्दू शब्द टाळा. त्या मास्तरांनी बखरी उघडाव्यात. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश उघडावा. 'हकीकत' तिथे मराठी म्हणून नांदते आहे. आणि तो कोश करणारा जन्माने इंग्रज होता, हेही जाता जाता लक्षात घ्यावे. भाषा तिची सेवा करणाऱ्याची होते, याला मराठीत दुसरा दाखला शोधण्याची गरज नाही.

मुस्लिम मराठी साहित्याने आपली मराठी अस्सल आहे, असे दाखले देत बसू नये. दाखला मागणाऱ्याकडे तो देण्याचा अधिकार आहे, हेच आपण त्यामुळे मान्य करतो. स्टीफनने पाद्रीबुवांकडे दाखला मागितला नाही. कोश पाहिला, नोंद केली आणि लिहायला निघून गेला.

तो विद्यार्थी आता जिल्ह्याच्या ठिकाणी इंग्रजी शिकवतो. वर्गात मुलांचे मराठी, दखनी, इंग्रजी सगळे चालते. परवा फोनवर त्याला नरसाळ्याची ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सर, आमच्या मुलांना फनेल माहीत आहे, नरसाळे नाही. उद्या फळ्यावर दोन्ही लिहितो." त्या दिवशी त्याला जे उत्तर देता आले नव्हते, ते त्याचे त्यानेच शोधले होते.