दोह्याच्या समुद्राकाठचे सात



बिरकत अल अवामेर म्हणजे दोह्याच्या दक्षिणेकडची गोदामांची वस्ती. तिथे मी स्टोअरकीपर आहे. सुट्टी शुक्रवारची, शनिवारी कामावर. शनिवार तेल्यांच्या वंशजाला हे बोचते, पण पोटापुढे इलाज नाही. शुक्रवारी बस आम्हाला शहरात सोडते. सोबती बाजारात जातात, मी समुद्राकाठी कला बघायला जातो.

तिथे 2008 साली उघडलेले इस्लामी कलेचे संग्रहालय आहे आणि जवळच अल रिवाक नावाचे प्रदर्शनाचे दालन. 2021-22 च्या हिवाळ्यात या दालनात अमेरिकन कलावंत जेफ कून्स यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. आरशासारखे चकचकीत पोलाद! लोक त्यात आपला चेहरा बघून फोटो काढीत होते. मीही काढला. कारागिरीला तोड नाही. पण बाहेर आल्यावर माझ्या मनात माझाच चेहरा उरला, दुसरे काही नाही.

संग्रहालयाच्या बागेत, पाण्यात पुढे गेलेल्या धक्क्याच्या टोकाला, रिचर्ड सेरा यांचे शिल्प उभे आहे. ते 2011 सालचे. नाव एवढेच : ‘7’. पोलादाचे सात जाड पत्रे एकमेकांना टेकून सुमारे 80 फूट उंच गेले आहेत. रंग नाही, नक्षी नाही, वर गंज चढलेला. माझ्या एका सोबत्याने विचारले, “भाऊ, हे बांधकाम अर्धवट सोडले का?” प्रश्न चुकीचा नव्हता. लांबून ते कारखान्याच्या धुराड्यासारखे दिसते आणि भर उन्हात त्याला हात लाववत नाही. हा त्याचा दोष मी झाकणार नाही.

पण मंडळी, आत जाऊन उभे राहावे. वर आकाशाचा लहानसा तुकडा दिसतो आणि भोवती सात जण खांद्याला खांदा लावून उभे असल्यासारखे वाटते. मला तिथे नवगाव आठवले. फुटलेल्या गलबतातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, आणि जे वाचले नाहीत त्यांच्या मातीचे दोन उंचवटे.

सेरा यांची आई यहुदी होती, वडील जहाजबांधणीच्या गोदीत कामाला. पण हे शिल्प त्यांनी आपल्यासाठी उभारले असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांच्यासमोर मिनार होते. तरीही त्यांनी काही लिहून ठेवले नाही, म्हणूनच आपल्या आठवणीला तिथे जागा मिळते. कून्स यांच्या आरशात ती जागा नाही.

आणखी एक गोष्ट लोखंडाच्या मालात वावरणाऱ्याला कळते. या जातीच्या पोलादावर चढलेला गंजच आतल्या पोलादाला राखतो. आपल्या वाडवडिलांनी कोकणची भाषा घेतली, लुगडे घेतले, घाणा घेतला. बाहेरून ते कोकणी दिसले, आत शेमा शाबूत राहिला. दोह्यातले ते गंजलेले सात मला म्हणूनच परके वाटत नाहीत.

सूर्य कलण्याआधी बस सुटली. खोलीवर येऊन मनुकांच्या शरबतावर हळू आवाजात किद्दुश म्हटला. सकाळी कामावर हजर व्हायचेच होते. पण त्या रात्री तरी शब्बाथ आला.