इव्हान फ्रांको : संपादक आणि अपुरी कादंबरी

युक्रेनी साहित्यात इव्हान फ्रांको (१८५६–१९१६) यांचे नाव तारास शेव्चेंकोंच्या पाठोपाठ घेतले जाते. त्यांच्या कथात्म गद्याचा विचार मात्र ते ज्या नियतकालिकांतून वाढले त्यांना वगळून करता येणार नाही, असे आम्हांस वाटते. ‘बोरिस्लाव्ह हसते’ ही त्यांची कादंबरी तर अपुरी राहिली, ती ‘स्वित’ (जग) हे मासिक १८८२ मध्ये बंद पडले म्हणून.

रशियन साम्राज्यात १८७६ च्या फर्मानाने युक्रेनी मुद्रणावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात, लव्हिव शहरी, ही भाषा छापता येत असे. पण पोलिसांची नजर तेथेही होतीच. विद्यार्थिदशेत ‘द्रुह’ (मित्र) या पत्रातून लिहिणाऱ्या फ्रांकोंना १८७७ मध्ये समाजवादाच्या आरोपाखाली अटक झाली. सुटल्यावर १८७८ मध्ये मिखाइलो पाव्लिक यांच्यासह त्यांनी ‘ह्रोमादस्की द्रुह’ (लोकमित्र) काढले. दोन अंकांनंतर सरकारी जप्तीपुढे ते नाव सोडावे लागले. मग ‘द्झ्विन’ (घंटा) आणि ‘मोलोत’ (हातोडा) या नावांनी संग्रह निघाले. पत्राचे नाव बदलले, तरी ‘बोआ कन्स्ट्रिक्टर’ ही कथा त्यांतून पुढे चालूच राहिली! वाचकांना तिचा धागा सोडावा लागला नाही, याचे श्रेय लेखकाइतकेच त्याच्यातील संपादकालाही द्यावयास हवे.

‘करमणूक’च्या अंकांतून हरिभाऊंची कादंबरी वाचलेल्या पिढ्यांच्या वारसांना क्रमशः लेखनाचे गुणदोष समजावून सांगण्याची गरज नाही. ‘बोरिस्लाव्ह हसते’मध्ये ते दोन्ही ठळक आहेत. नव्या घराच्या पायाभरणीत जिवंत पक्षी कोंडला जातो, आणि त्याच समारंभात बेनेदिओ हा गवंडीकामावरील मजूर जखमी होतो. हा प्रारंभ कसलेल्या बातमीदाराच्या नजरेने लिहिला आहे. खनिज तेलाच्या व मेणाच्या खाणींतील मजुरी, उपासमार, मजुरांची वर्गणी यांचे तपशीलही तसेच नेमके. बेनेदिओ मजुरांपुढे बोलू लागला की मात्र त्याच्या तोंडून अग्रलेख उमटतो, आणि तेथे कादंबरी फिकी पडते. हा दोष झाकण्यात अर्थ नाही.

पुढे फ्रांको चौतीस वर्षे जगले. पोटासाठी १८८७ ते १८९७ पर्यंत त्यांनी एका पोलिश दैनिकात नोकरी केली. १८९० पासून पाव्लिक यांच्यासह ‘नारोद’ (लोक) आणि १८९८ पासून ‘साहित्य-विज्ञान वार्ता’ या मासिकाचे संपादनही सांभाळले. नियतकालिके हाती होती, तरी ही कादंबरी त्यांनी पुरी केली नाही. ‘स्वित’चा वाचकवर्ग पांगल्यावर तिला पुन्हा सूर सापडणे कठीण होते, असा आमचा तर्क आहे. आज ती जशी छापली जाते तीत संपाचा निधी लुटला गेला आहे, संप मोडला आहे, बासाराब बंधू सुडाची भाषा बोलत आहेत, आणि मजकूर तेथेच थांबतो.