मार्क्समन : पोलाद आणि मोकळी जागा

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री, कामा हॉस्पिटलजवळच्या रंगभवन गल्लीत मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गाडीत होते, ती साधी क्वालिस होती. पातळ पत्रा, साध्या काचा आणि समोर एके-४७. मुंबई पोलिसांकडे पुढे महिंद्राची चिलखती ‘मार्क्समन’ आली. तिच्याकडे पाहताना ती गल्ली डोळ्यांपुढून हटत नाही.

छतावरच्या मशिनगनच्या जागेकडे सगळ्यांचं लक्ष आधी जातं. मला मात्र या गाडीचं खरं सौंदर्य तिच्या पोटात दिसतं. बाहेरच्या पत्र्याला पोलादाचे तुकडे जोडून इथे भागवलेलं नाही. आत पोलादाची कुपीच घडवली आहे आणि दोन पुढे, चार मागे अशी सहा माणसं त्या कुपीत बसतात. तुकडे जोडले की सांधे येतात आणि गोळीला फट सापडते ती सांध्यातच. कुपीची कल्पना म्हणूनच मोलाची. तळाचाही विचार आहे: खाली हातबॉम्ब फुटला तरी आतला माणूस वाचावा. बाजूंना गोळीबारासाठी झडपा आहेत. काच खाली न घेता, दार न उघडता बंदुकीची नळी बाहेर काढता येते. ही छोटीशी सोय क्वालिसमध्ये नव्हती.

या सगळ्याची किंमत वजनात मोजावी लागते. दारं जड होतात, ब्रेक आणि स्प्रिंगांवर ताण येतो, जाड काचेतून बाहेरचं कमीच दिसतं. चिलखत वाढवत नेलं तर गाडी मुंबईच्या गल्लीत वळायचीच नाही. कुठे थांबायचं हे ठरवण्यात कारागिराची खरी कसोटी आहे, आणि मार्क्समनने हलकं राहणं पसंत केलं, हे मला फार पटतं.

कारखान्यातून बाहेर पडली म्हणून गाडी सज्ज होत नाही. ढाल, दार फोडायचा घण, वायरलेस, रक्तस्राव रोखणारे पट्टे, घडीचं स्ट्रेचर, यातली प्रत्येक वस्तू अंधारात चाचपडल्याशिवाय हाती आली पाहिजे. त्या रात्री क्वालिसच्या मागच्या भागात जखमी पोलीस कर्मचारी अरुण जाधव सहकाऱ्यांमध्ये अडकून पडले होते. हल्लेखोर ती गाडी बळकावून, पुढच्या सीटवर बसून चालवत होते आणि जाधवांना बंदूक उचलता येत नव्हती. हे कळल्यावर मोकळी जागा हीसुद्धा सामग्रीच वाटू लागते. अशा गाडीत आणखी एखादं यंत्र बसवायचा मोह झाला, तर तो आवरावा आणि ती जागा जखमी माणसाला आडवं करायला राखून ठेवावी.