चौकटीतला सह्याद्री

दिवाळी अंकात परीक्षण यायचे ते कादंबरीचे, नाटकाचे, फार तर एखाद्या प्रवासवर्णनाचे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तिथे सरकारी अहवालाचे परीक्षण म्हणजे चकलीशेजारी सुंठीची पुडी ठेवण्यासारखे झाले! तरीही ही पुडी मी ठेवणार आहे. सह्याद्रीविषयी या शतकात जे काही लिहिले गेले, त्यात सर्वांत जास्त चर्चा झालेला आणि सर्वांत कमी वाचला गेलेला ग्रंथ कोणता असेल, तर तो पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाचा अहवाल होय. ‘गाडगीळ अहवाल’ म्हटले की माना डोलतात. पण ज्यांनी त्याच्यावर रागावून मोर्चे काढले आणि ज्यांनी त्याला देव्हाऱ्यात बसवले, त्या दोघांपैकी किती जणांनी तो उघडून पाहिला, हे विचारायची सोय नाही.

केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये श्री. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली हा गट नेमला आणि ३१ ऑगस्ट २०११ रोजी त्याने आपला अहवाल सादर केला. दोन भाग, पाचशेहून अधिक पाने. विषय एवढाच की, तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सहा राज्यांतून गेलेला हा सुमारे एक लाख एकोणतीस हजार चौरस किलोमीटरचा डोंगरी मुलूख आज कोणत्या प्रकृतीत आहे, त्याला कुठे इजा पोचते आहे आणि कुठे काय राखले पाहिजे.

ग्रंथाची मांडणी साधी आहे, आणि तिच्यातच त्याचे सौंदर्य आहे. सबंध घाटावर त्यांनी एक जाळे पसरले. त्याची प्रत्येक चौकट साधारण नऊ किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद. अशा कोणी दोन हजारांवर चौकटी. मग प्रत्येक चौकटीला गुण दिले: उंची किती, उतार किती, जंगल किती अभंग, फक्त इथेच उगवणाऱ्या वनस्पती किती, दुर्मिळ सस्तन प्राणी कोणते, नदीकाठची झाडी शिल्लक आहे की नाही. गुणांची बेरीज पाहून तीन वर्ग पाडले. गुण कोणत्या रीतीने दिले हे समितीने झाकून ठेवले नाही, ते उघड मांडले. ज्याला पटत नसेल त्याने पुन्हा बेरीज करावी. आपल्या साहित्य-पुरस्कारांच्या समित्यांनी एवढे केले तरी पुष्कळ वाद मिटतील!

दोषही याच मांडणीत आहे. नऊ किलोमीटरच्या एका चौकटीत देवराई असते, खाण असते, आंब्याची बाग असते, शाळा असते, आणि ज्याच्या दोन्ही काठांवर दोन वेगळी जगे आहेत असा ओढाही असतो. नकाशावर मात्र एकच रंग. पुढे कारभाराच्या सोयीसाठी चौकटींचे तालुके झाले आणि अख्खा तालुकाच्या तालुका ‘संवेदनशील’ ठरला. हे सारे तात्पुरते आहे, खऱ्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, असे लेखकांनी स्वच्छ लिहिले आहे. पण ते लिहिले इंग्रजीत! ज्या ग्रामसभेने बोलायचे, तिच्या हाती पहिल्या दिवशी तिच्या भाषेतले पान पडले नाही. मोकळ्या जागेत अफवा शिरली: घर बांधता येणार नाही, शेती सुटेल, गाव उठेल. कादंबरीकार म्हणून मला या ग्रंथाची हीच सर्वांत मोठी उणीव वाटते. ज्यांच्याविषयी लिहिले ते वाचकच त्याने गृहीत धरले नाहीत. तरी सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी ठराव करून सांगितले की, आमची गावे संवेदनशील म्हणून जाहीर करा. या ठरावांमागे खाणींचा अनुभव होता, हे विसरून चालणार नाही.

पण भाषेचा प्रश्न पुढचा. आधी ग्रंथ लोकांना दिसायला हवा होता. तो दिसलाच नाही. सादर झाल्यावर अहवाल मंत्रालयात जाऊन बसला. केरळातल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली प्रत मागितली, तर नकार मिळाला. कारण काय, तर तो उघड केल्याने राज्याच्या शास्त्रीय आणि आर्थिक हिताला बाध येईल! डोंगर लोकांच्या अंगणात उभा, आणि डोंगराची प्रकृती मात्र गुप्त. केंद्रीय माहिती आयुक्त श्री. शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये तो प्रसिद्ध करण्याचा हुकूम दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मे महिन्यात तिथेही हरले. तेव्हा कुठे अहवाल संकेतस्थळावर चढला, आणि तोही ‘मंत्रालयाने हा अजून स्वीकारलेला नाही’ अशी चिठ्ठी कपाळावर चिकटवून. नाटकाचा पडदा उघडताना व्यवस्थापकानेच पुढे येऊन ‘हे नाटक आमचे नव्हे’ असे सांगावे, तसे झाले.

याच ग्रंथातले लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे प्रकरण मला सर्वांत जिवंत वाटले. इथे आकड्यांना माणसांचे चेहरे येतात. वसाहतीत सुमारे अकरा हजार लोकांना काम मिळाले, ही एक बाजू. सांडपाण्याने दाभोळच्या खाडीतली मासळी गेली आणि वीस हजार माणसे बेकार झाली, ही दुसरी. हा दुसरा आकडा मच्छीमारांच्या तोंडचा आहे, आणि अहवालाने तो त्यांच्याच तोंडी ठेवला आहे. त्याला तज्ज्ञांच्या मोजणीचा आव आणला नाही. हा प्रामाणिकपणा चांगल्या निवेदकाचा. आणखी एक गोष्ट इथेच कळते. कोणत्या जिल्ह्यात कारखाने कुठे सोसतील, कुठे सोसणार नाहीत, याचे नकाशे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फार पूर्वीच तयार केले होते. रत्नागिरीचाही नकाशा झाला होता. तो लोकांपुढे आला नाही. समितीलाही तो खटपटीने मिळवावा लागला. अज्ञान होते म्हणून खाडी बिघडली, असे आता कुणाला म्हणता येणार नाही. ज्ञान होते. ते कपाटात होते.

पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट बसला आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसरा अहवाल आला. त्याच्याविषयी थोडक्यात सांगतो. उपग्रहाची नजर असल्यामुळे त्याचा नकाशा फार बारीक आहे; नऊ किलोमीटरच्या जागी चोवीस मीटर. तालुक्याऐवजी गाव हे एकक धरले, हीही सुधारणाच. पण या अहवालाने माणसांची वस्ती आणि लागवड असलेला साठ टक्क्यांच्या आसपासचा प्रदेश बाजूला काढला आणि एकूण घाटापैकी सदतीस टक्के भाग संवेदनशील धरला. या विभागणीवर गाडगिळांनी जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला, आणि माझ्या मते तो रास्त होता. कोकणातल्या राईत, परड्यात, भाताच्या खाचरातही निसर्ग नांदतो. वरून पाहणाऱ्याला झाडाचा शेंडा दिसतो. त्याखाली गावाने पिढ्यान् पिढ्या पाळलेला देव दिसत नाही.

त्यानंतर सरकारी अधिसूचनेचा मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला, आणि जुलै २०२४ पर्यंत सहा वेळा मसुदाच निघाला. या दोन तारखांच्या मध्ये काय घडले ते मराठी वाचकाला सांगायला नको. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही ही बातमी जगाला पहिल्यांदा कळली ती एसटीच्या चालकामुळे. रोजच्या रस्त्यावर रोजचे गाव त्याला दिसेना. २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी. आणि माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडचा डोंगर शेकडो माणसांवर कोसळला. ज्या वैथिरी तालुक्यात तो कोसळला, तो गाडगीळ अहवालाने पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वांत नाजूक म्हणून धरला होता. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी.

नकाशा असता तर दरड थांबली असती, असे मी म्हणणार नाही. पावसाला राजपत्र वाचता येत नाही. पण उताराखाली राहणाऱ्या माणसाला आपल्या चौकटीचे गुण माहीत असणे, ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे.

मग ही माहिती गावातूनच वर का येऊ नये? कायद्याने ती सोय केली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असावी आणि तिने गावकऱ्यांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही लिहावी: झाडे, मासे, बियाणी, औषधी मुळ्या, आणि त्यांच्याविषयी गावाला असलेली माहिती. ही कल्पना मला स्वतः अहवालापेक्षाही थोर वाटते, कारण इथे गाव वाचकही आहे आणि लेखकही. बरीच वर्षे काम रेंगाळले. मग ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि चुकेल त्या राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. झाले! देशभरातल्या नोंदवह्यांची संख्या भराभर चढत अडीच लाखांच्या पुढे गेली. वह्या तपासण्यात माझी अर्धी हयात गेली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण झालेली वही कशी दिसते, ते मला कुणी शिकवायला नको. जिथे शेजारच्या गावाची यादी उतरवून काढली असेल, तिथे आपल्या ओढ्यातल्या माशाला ओढ्याकाठी काय म्हणतात, हे वहीत सापडणार नाही.

धाकाशिवाय लिहिलेली वही कशी असते, त्याचाही दाखला आहे. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी हौसेने टिपलेल्या तीन कोटींवर नोंदींतून २०२३ साली देशातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात शाळेतली पोरे आहेत, निवृत्त कारकून आहेत, गृहिणी आहेत. मूळ नोंदी कुणालाही मागून घेता येतात, चूक दाखवता येते. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले आणि मराठी वाचक महिन्यामहिन्याचा निसर्ग पाहायला शिकला. पण पाहिले ते तारीख घालून लिहून ठेवायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

तेव्हा सुट्टीत गावी जाल, तेव्हा एक काम करा. ग्रामपंचायतीच्या कचेरीत जाऊन नोंदवही मागा. ती गावाचीच आहे. आहे का, ते पाहा. असली तर तुमच्या विहिरीशेजारचे झाड तिच्यात आहे का, ते पाहा. म्हाताऱ्या काकूला सोबत न्या. तिला वाचता येत नसेल, तर तुम्ही मोठ्याने वाचा. कुठे चुकले आहे ते ती सांगेल.