चाहता की पाठीराखा? : फुटबॉलच्या मराठी शब्दसंसाराविषयी

फुटबॉलला नेमके काय म्हणावे, यावर इंग्रजी बोलणाऱ्या जगात एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. 'सॉकर' हा शब्द कानी पडताच इंग्लंडमधील प्रेक्षकाच्या कपाळाला आठी पडते. हा अमेरिकनांचा शब्द, आमचा नव्हे, अशी त्याची पक्की समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. १८७१ मध्ये रग्बी खेळणाऱ्यांनी आपली वेगळी संघटना काढली. 'फुटबॉल' हे एकच नाव मिरविणाऱ्या या दोन खेळांत फरक दाखवायचा म्हणून इंग्रज विद्यार्थ्यांनीच 'असोसिएशन' या लांबलचक शब्दाचा मधला तुकडा उचलून 'सॉकर' केले आणि 'रग्बी'चे 'रगर' केले. पुढे हा शब्द इंग्लंडमध्ये सुखाने नांदला. १९६० मध्ये लंडनहून निघू लागलेल्या फुटबॉलच्या मासिकाचे नावच 'वर्ल्ड सॉकर' असे होते. मँचेस्टर युनायटेडचे विख्यात व्यवस्थापक मॅट बझ्बी यांच्या १९७३ मधील आत्मकथनाच्या शीर्षकात 'सॉकर' आणि उपशीर्षकात 'फुटबॉल' असे दोन्ही शब्द गुण्यागोविंदाने राहिले. उलट अमेरिकेतील संघटनेच्या नावात १९१३ साली केवळ 'फुटबॉल' होता. १९४५ मध्ये त्याला 'सॉकर'ची जोड मिळाली आणि १९७४ मध्ये 'फुटबॉल' गळून पडला. घरचा शब्द परक्याने उचलला, आणि परक्याने उचलला म्हणून घरच्यांनी तो टाकला, असा हा प्रकार आहे.

शब्दाविषयीची आपुलकी किंवा तिटकारा पुष्कळदा शब्दाच्या कुळावर अवलंबून नसतो; तो शब्द कोणाच्या तोंडी आहे, यावर असतो. पिढ्यान्‌पिढ्या परभाषिक प्रांतांत राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. आपल्या घरांतील कित्येक अस्सल जुने मराठी शब्द पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना कानडी, गुजराती किंवा हिंदी वाटतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठी असेल.

इंग्लंडबाहेर हा खेळ गेला तेव्हा प्रत्येक भाषेपुढे प्रश्न उभा राहिला : शब्द घ्यावा की घडवावा? जर्मनीत ब्राउनश्वाइग येथील शिक्षक कोनराड कोख यांनी १८७४ मध्ये शाळकरी मुलांना हा खेळ लावला आणि पुढे त्यासाठी जर्मन संज्ञांचा आग्रह धरला. आज जर्मन प्रेक्षक गोल झाल्यावर 'टोर' म्हणून ओरडतो; टोर म्हणजे दरवाजा. इटालियनांनी फ्लॉरेन्सच्या एका जुन्या खेळाची आठवण जागवून 'काल्चो' हे नाव पुढे आणले. १९०९ पासून ते राष्ट्रीय महासंघाच्या नावात आहे. स्पेनमध्ये मारियानो दे काव्हिया या पत्रकाराने १९०८ मध्ये चेंडू आणि पाय यांचा समास करून 'बालोम्पिए' हा शब्द सुचविला. शब्द निर्दोष होता, व्याकरणशुद्ध होता. पण लोक 'फुटबोल'च म्हणत राहिले. सेव्हियाच्या बेतिससारख्या क्लबांच्या नावांत तो तेवढा उरला आहे. आपल्याकडचा 'पादकंदुक' हा याच 'बालोम्पिए'चा सख्खा भाऊ. तो थट्टेपलीकडे कधी गेलाच नाही. जर्मनांना जे साधले ते स्पॅनिशांना साधले नाही, याचे एक कारण मला असे दिसते की कोखचे शब्द मुलांनी खेळता खेळता उचलले, तर काव्हियाचा शब्द वाचकांनी वर्तमानपत्रात वाचला. मैदानावर जो शब्द ओरडता येत नाही, तो कोशात कितीही शोभला तरी खेळाचा होत नाही.

मराठीने क्रिकेटच्या बाबतीत ही परीक्षा उत्तम रीतीने पार केली. 'गोलंदाज' म्हणजे मुळात तोफ डागणारा. मराठ्यांच्या तोफखान्यातला हा माणूस आपण मैदानात आणला आणि त्याच्याच घाटावर 'फलंदाज' घडविला. यष्टिरक्षक, षटक, पायचीत, झेल, नाणेफेक हे शब्द आज कोणाला घडविलेले वाटतही नाहीत. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांचा आवाज आणि वि. वि. करमरकरांसारख्या क्रीडापत्रकारांची लेखणी या शब्दांच्या मागे उभी होती. हे शब्द इतके रुजले की लंडनचा आर्सेनल हा फुटबॉल क्लब वूलिचच्या शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांनी १८८६ मध्ये स्थापिला, त्याच्या चिन्हात तोफ आहे आणि त्याचे खेळाडू 'तोफची' म्हणूनच ओळखले जातात. पण त्यांना खऱ्या अर्थाने 'गोलंदाज' म्हणावे तर मराठी वाचक फुटबॉल सोडून चेंडूफळी शोधू लागेल!

फुटबॉलच्या वाट्याला मात्र अर्धाच संसार आला. गोलरक्षक, बचावपटू, आघाडीवीर, पूर्वार्ध-उत्तरार्ध, बाद फेरी हे शब्द आहेत आणि चांगले आहेत. पेनल्टी, कॉर्नर, ऑफसाइड, फाउल हे तसेच राहिले. त्यालाही माझी हरकत नाही, कारण ते पोरांच्या तोंडी आहेत. तक्रार आहे ती सामन्याच्या वृत्तांतांतील क्रियापदांविषयी. 'धुव्वा उडविला', 'अस्मान दाखविले', 'धूळ चारली' ही सारी भाषा रणांगणातून आणि कुस्तीच्या आखाड्यातून उसनी आणलेली आहे. संघांची नावे झाकून असा वृत्तांत वाचला तर सामना फुटबॉलचा की कबड्डीचा, हे कळू नये. नव्वद मिनिटे काहीच घडत नाही आणि मग एका क्षणात सर्व काही घडते, अशी या खेळाची लय आहे. तो ताण या क्रियापदांत मावत नाही.

याचे कारण भूगोलात आहे. या देशात फुटबॉल जिथे फोफावला ती ठिकाणे मराठीच्या मध्यावर नव्हती. ती बंगालमध्ये होती, किंवा मराठीच्या कडेला होती. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा. पण १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे तो जिंकून नेला हैदराबाद सिटी पोलिसांनी. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीच भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवून दिले. गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. ब्रह्मानंद शंखवाळकर १९८० च्या दशकात भारताचे कर्णधार होते. गोमंतकात गावाच्या सीमेवर उभ्या असणाऱ्या दैवताला 'राखणदार' म्हणतात. गोलाच्या चौकटीत उभ्या राहणाऱ्या शंखवाळकरांसाठी याहून चपखल शब्द कोणता असता? तो पुण्या-मुंबईच्या लेखणीला सुचण्यासारखा नव्हता. तो कडेवरच्या मराठीने द्यावयाचा होता, आणि आपण तो दिला नाही.

आता खेळाडूकडून प्रेक्षकाकडे वळू. कारण भाषेचा खरा कस तिथे लागतो. इंग्रजीतील 'फॅन' हा 'फॅनॅटिक'चा तुकडा. त्याच्या मुळाशी देवळासाठी असलेला लॅटिन शब्द आहे. देवाचे वारे अंगात आलेला, तो फॅन. इटालियन प्रेक्षक स्वतःला 'तिफोझो' म्हणवितो. 'तिफो' म्हणजे एक संसर्गजन्य ज्वर. ब्राझीलचा 'तोर्सेदोर' म्हणजे पिळवटणारा. सामन्याच्या ताणात हातातला रुमाल पिळणाऱ्या स्त्रियांवरून हा शब्द आला, असे सांगतात. उरुग्वे आणि अर्जेंटिनातील 'इंचा' म्हणजे फुगविणारा. माँटेव्हिडिओच्या नासिओनाल क्लबचे चेंडू फुगविणारा एक कारागीर सामन्यात सर्वांहून मोठ्याने आरोळ्या ठोकी, त्याच्यावरून तो रूढ झाला, अशी परंपरागत कथा आहे. अंगात येणे, ताप चढणे, पिळवटणे, फुगविणे : चारही शब्दांत प्रेक्षकाच्या देहाला काहीतरी होते आहे.

मराठीत काय आहे? 'शौकीन' आहे, पण त्यात फावल्या वेळेचा गंध आहे. 'रसिक' आहे, पण रसिक प्रतिपक्षाच्या सुंदर गोललाही दाद देतो, आणि तो त्याचा गुणच आहे. 'चाहता' खेळाडूचा असतो. खेळाडूचा बहर ओसरला की तोही ओसरतो. 'वेडा' तापाच्या जवळ जातो, पण त्या वेडाला कोणतीच बाजू नाही. उरतो तो 'पाठीराखा'. क्रीडापानांवर हा शब्द सर्रास येतो, म्हणूनच त्याचे वजन आपल्या ध्यानात येत नाही. घरोघरच्या ओव्यांमधला भाऊ हा बहिणीचा पाठीराखा. वारकऱ्याचा पाठीराखा पंढरीचा विठोबा. म्हणजे जो समर्थ आहे तो दुबळ्याची पाठ राखतो, असा या शब्दाचा मूळ व्यवहार. मैदानावर हा व्यवहार उलटा होतो : तिथे खेळाडू देव असतो आणि तिकीट काढून आलेला सामान्य माणूस त्याची पाठ राखतो. वर पाहिलेले चारही परदेशी शब्द प्रेक्षकाला काय होते ते सांगतात. प्रेक्षक दुसऱ्यासाठी काय करतो, हे या मराठी शब्दात आहे.

प्रेक्षकाला कोणत्या नावाने हाक मारावी, हा केवळ शब्दलालित्याचा प्रश्न नव्हे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा सामना पाहावयास आलेले लोक कठड्यांमागे चेंगरले. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेर ९७ झाली. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी दोष मृतांच्या सोबत्यांवरच ढकलला. त्या काळी इंग्रजी फुटबॉलच्या प्रेक्षकाला 'हुल्लडबाज' म्हणण्याची सवय इतकी मुरली होती की पुष्कळांना ते खरेही वाटले. प्रेक्षकांचा दोष नव्हता आणि हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधच होते, असा निर्णय ज्यूरीने दिला तो २०१६ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी. एका शब्दाने झाकलेले सत्य उघडे करायला शोकाकुल कुटुंबांना एवढी वर्षे लढावे लागले.

पाठीराखेपण जिथे जिवंत आहे असे मराठी मुलखातील ठिकाण बेळगावकरांच्या शेजारीच आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावे पाहावीत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम ही मल्लांची जागा. मातीतल्या कुस्तीभोवती जमलेली पेठेची निष्ठा फुटबॉलकडे वळली तेव्हा तिने आपले नावही सोबत आणले. कोणी बसून संज्ञा घडविली नाही, कोणी शुद्धीचा आग्रह धरला नाही. तरी एका परदेशी खेळाला इतके देशी नाव मिळाले. या निष्ठेला काळी बाजूही आहे. पेठांची ईर्षा हमरीतुमरीवर येते, सामने थांबवावे लागतात. आणि पाठ राखणे म्हणजे समोरच्याचे डोके फोडणे नव्हे, हे तिथल्याच जाणत्यांना पुनःपुन्हा सांगावे लागते. परंतु तो संघ त्या पेठेचा आहे, त्याला कोणी उचलून नेऊ शकत नाही, हे त्या ईर्षेइतकेच खरे आहे.

याच्या उलट चित्र व्यावसायिक फुटबॉलमध्ये दिसते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादच्या या संघाने २०२२ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर विजेतेपद पटकावले. २०२५ मध्ये तो नाव बदलून दिल्लीला गेला. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. अशा वेळी जाहिरातींतला 'फॅन' नव्या संघाचा सदरा विकत घेऊन मोकळा होतो. पाठीराख्याला तसे करता येत नाही. ज्याची पाठ राखायची तोच निघून गेला, तर त्याने कोणापाशी उभे राहावे?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. ज्या दरबारांच्या आणि चाकऱ्यांच्या आधाराने आपले पूर्वज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरला आले, ते आधार केव्हाच गेले. भाषा मागे उरली, ती तिची पाठ राखणारी घरे होती म्हणून. आज मराठीचे चाहते आपल्या गावांतून पुष्कळ आहेत. नाटक आले की सभागृह भरते. पाठीराखे किती आहेत, याची मोजदाद सभागृहात होणार नाही. ती मैदानावर करावी लागेल, आपली नातवंडे गोल चुकल्यावर कोणत्या भाषेत हळहळतात ते ऐकून. मडगाव, बेळगाव, हैदराबाद येथील वाचकांनी आपापल्या मैदानांवर कानी पडणारे असे शब्द, मग ते कोकणीमिश्रित असोत, कानडीमिश्रित असोत की दखनीमिश्रित, टिपून ठेवावेत. त्यांतले काही ओबडधोबड असतील. 'गोलंदाज'ही एके काळी तोफेच्या धुरातलाच शब्द होता.