कातकरी : नाव आणि भाषा

खेड-चिपळुणाकडील डोंगरउतारांवर खैराची झाडे अद्याप दिसतात. परंतु त्या झाडावरून ज्यांस नाव मिळाले त्या कातकऱ्यांचा खैराशी असलेला संबंध केव्हाच सुटला. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळावयाच्या, तो रस आटवून त्याचा कात करावयाचा व तो वाण्यास विकावयाचा, हा त्यांचा मूळ धंदा. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, खैरास हात लावण्यास परवाना लागू लागला, आणि हे लोक कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांकडे वळले. धंदा गेला, नाव मात्र राहिले.

सुशिक्षित समाजास ह्या लोकांची ओळख ज्या ग्रंथांनी करून दिली, त्यांजकडे टीकाकाराच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. जॉन विल्सन ह्यांचा वारली व कातोडी ह्यांवरील निबंध १८४३ चा. वेलिंग ह्यांचे कातकऱ्यांवरील इंग्रजी पुस्तक १९३४ चे. ह्या लेखकांचे परिश्रम आम्ही कमी लेखीत नाही. तथापि ह्या साऱ्या परंपरेत माणसाची ओळख त्याच्या मडक्यावरून होते, आणि त्याने स्वतःविषयी जे सांगितले ते दंतकथा म्हणून बाजूस पडते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात नमूद आहे की, रामाने लंकेवर नेलेल्या वानरांपासून आपण उत्पन्न झालो असे कातकरी सांगतात. ह्या कथेत काताचा गंधही नाही! ती खरी की खोटी हा वाद व्यर्थ होय. आपण कोण, ह्या प्रश्नास त्यांचे स्वतःचे उत्तर होते, एवढे तरी तीवरून दिसते. उलट सरकारी अनुसूचीत आजही ‘सोन’ व ‘ढोर’ असे पोटभेद छापले जातात. गोमांस खाणारे ते ढोर, न खाणारे ते सोन. शेजाऱ्यांच्या सोवळ्याओवळ्याने केलेली वाटणी कायद्याच्या भाषेत जाऊन बसली, ही गोष्ट आम्हांस फार खटकते.

भाषेचेही तसेच झाले. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ च्या सातव्या खंडात कातोडीस मराठीच्या कोकणातील पोटभेदांत स्थान मिळाले. पाहणीपुरते ते ठीक. परंतु पोटभेद म्हणजे बिघडलेली मराठी, असा सोयीचा अर्थ आमच्या शिक्षित वर्गाने परस्पर करून घेतला.

ह्या संदर्भात अमेरिकेतील पीक्वॉट लोकांची हकीकत आठवते. त्यांच्या नावाचा अर्थ ‘नाश करणारे’ असा जुने पंडित सांगत. काहींच्या मते त्यात केवळ उथळ पाण्याचा निर्देश आहे. १६३७ त इंग्रज वसाहतवाल्यांनी मित्रजमातींच्या साह्याने मिस्टिक येथील त्यांचे गाव जाळले, आणि १६३८ च्या तहाने उरलेल्यांस ते नाव लावण्याचीच बंदी केली. १८५१ त मेल्व्हिलने आपल्या कादंबरीतील जहाजास ते नाव दिले, आणि ही जमात नामशेष झाली असेही लिहून टाकले. थोर कादंबरीकाराची ही चूक लहान नव्हे, कारण ते लोक हयात होते. १९८३ त अमेरिकन सरकारने त्यांतील एका शाखेस रीतसर मान्यताही दिली. भाषा मात्र तोवर टिकली नाही. मोहेगन-पीक्वॉट अस्खलित बोलणारी अखेरची स्त्री, फिडेलिया फील्डिंग, १९०८ त वारली. मागे तिच्या रोजनिश्या उरल्या. पुढील पिढ्यांस ती भाषा त्यांतूनच वेचावी लागत आहे.

कातकऱ्यांचे नाव कोणी हिरावले नाही. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार भरली. त्यांची भाषा घरोघर अजून बोलली जाते. परंतु मूल शाळेत गेले की ती त्यास लपवावी लागते, आणि ह्या दोषातून आम्ही स्वतःस वगळू शकत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी ह्या समाजातील एका विद्यार्थ्याने निबंधात आपल्या घरचा एक शब्द लिहिला होता. आम्ही त्याखाली तांबडी रेघ ओढली व शेजारी शुद्ध प्रतिशब्द लिहून दिला. त्याने तो मुकाट्याने उतरून घेतला. तो प्रतिशब्द आम्हांस अजून आठवतो. त्याचा मूळ शब्द मात्र आठवत नाही.