जागा हलल्या, माणसे राहिली

सरकारी अहवालास वाङ्मय मानण्याची चाल आपल्याकडे नाही. तथापि ज्या लिखाणाने सहस्रावधी लोकांची बिऱ्हाडे हलावयाची, त्याची भाषा तपासून पाहणे हे टीकाकाराचे काम नव्हे काय? या दृष्टीने सर मायकेल लायन्स यांचा मार्च २००४ मधील अहवाल आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. लंडन व इंग्लंडचा आग्नेय भाग येथील सरकारी कामे देशाच्या इतर भागांत न्यावी काय, हा त्याचा विषय.

विषय नवा नव्हे. १९७३ साली हार्डमन यांनी सुमारे ३१,००० जागा लंडनबाहेर नेण्याची सूचना केली होती. १९७९ साली आलेल्या सरकारने तिला बरीच कात्री लावली. लायन्स यांनी सुमारे २०,००० जागा बाहेर नेता येतील असे दाखविले. त्यांचे प्रतिपादन स्वच्छ आहे. राजधानीत भाडी व पगार अधिक. बाहेर खर्च कमी होतो आणि मागे पडलेल्या शहरांस रोजगार मिळतो. याशी आमचा वाद नाही.

आमचा आक्षेप मोजमापावर आहे. अहवाल मोजतो त्या जागा. मराठी माणूस ‘बदली’ म्हणतो तेव्हा माणूस निघतो आणि खुर्ची मागे राहते. येथे खुर्ची निघते आणि माणसाचे काय, हा मागाहूनचा प्रश्न ठरतो. कर्मचाऱ्यांचा विचार अहवालात मुळीच नाही असे नव्हे. परंतु बेरजेच्या रकान्यात तो उतरत नाही.

याचा परिणाम काय झाला? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे लंडनमधील काम पुढील काही वर्षांत वेल्समधील न्यूपोर्ट येथे गेले. जागा गेल्या, पण लंडनमधील दहांपैकी सुमारे नऊ जण गेले नाहीत. घर, मुलांची शाळा, पतीची वा पत्नीची नोकरी ही कोणत्याही हुकमाने गाडीत घालता येत नाहीत. सर चार्ल्स बीन यांनी मार्च २०१६ मधील आपल्या अहवालात स्पष्ट सांगितले की, या स्थलांतराने जाणती माणसे गमावली आणि कार्यालयाच्या कर्तबगारीस त्याची मोठी झळ पोचली. देशाच्या उत्पन्नाचे आकडे ज्यांनी जुळवावयाचे, त्या कचेरीची ही कथा आहे. तेव्हा ही हानी तिच्या चार भिंतींत थोडीच राहणार!

म्हणून सारीच स्थलांतरे वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पोस्टाच्या बचत बँकेचे मोठे कार्यालय १९६० नंतरच्या दशकात ग्लासगोस गेले व तेथे रुजले. खातेवहीचे काम लिहिलेल्या नियमांवर चालते. नवा कारकून ते शिकतो. उलट काही कामांचे ज्ञान कोणत्याही वहीत नसते, ते वीस वर्षे शेजारी बसलेल्या माणसांत असते. हा भेद लायन्स यांच्या अहवालाने मुख्य कसोटी म्हणून धरावयास हवा होता.

आपल्याकडे याच्या नेमकी उलट तऱ्हा आहे. १९५३ च्या नागपूर कराराने ठराविक मुदतीसाठी सरकार नागपुरास हलवावे असे ठरले. हिवाळी अधिवेशनास मंत्रालयातील माणसे व कागदपत्रे तेथे जातात आणि अधिवेशन आटोपताच मुंबईस परततात. तेथे जागा गेल्या, माणसे राहिली. येथे माणसे जाऊन येतात, पण निर्णयाची जागा हलत नाही. विदर्भाची तक्रार शिल्लक राहते ती यामुळेच.

लायन्स यांचा अहवाल अभ्यासू व नीटस आहे. राज्यकारभाराची फेरमांडणी करू पाहणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. मात्र बीन यांचा अहवाल शेजारी ठेवून वाचावा, आणि किती जागा हलवावयाच्या हे लिहिण्यापूर्वी त्यांवरील किती माणसे सोबत येतील ते विचारावे, अशी आमची सूचना आहे.